खाणीतला हिरवा बाण कोणाला दिसतो?

कामगारांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपल्या चळवळीतले बरेच मित्र गप्प होतात. तो इंजिनिअरांचा विषय, युनियनचा विषय, फार तर कोर्टाचा विषय. आपण अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती यांवर बोलायचे. मला ही वाटणी मान्य नाही. जातिव्यवस्थेने कामाबरोबर कामगारांचीही वाटणी केली, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले. मग सर्वांत खोल, सर्वांत काळोख्या जागेत कोण उतरते आणि तिथे आग लागली तर त्याला बाहेरची वाट कोण दाखवते, हा प्रश्न आपला नसेल तर कोणाचा?

या लेखात मी एका अगदी छोट्या वस्तूबद्दल बोलणार आहे. भूमिगत खाणीच्या भिंतीवर किंवा छताला टांगलेली रंगीत खूण: बाण, पट्टी, चकाकणारी तबकडी. संकट आले तर या दिशेने चला, एवढेच ती सांगते. ती कोणत्या रंगाची, किती उंचीवर, तिच्यावर अक्षरे आहेत की चित्र, तिच्यावरची धूळ कोण पुसणार, असे अनेक निर्णय तिच्यामागे असतात. ते निर्णय कोणी घेतले आणि कोणाला डोळ्यांसमोर ठेवून घेतले, याचा एक इतिहास आहे.

आधी डोळ्याचे आणि धुराचे थोडे विज्ञान समजून घेऊ, कारण पुढचा वाद त्यावर उभा आहे.

खाणीत दिवस नसतो. टोपीवरचा दिवा हाच कामगाराचा सूर्य. अंधुक उजेडात माणसाचा डोळा वेगळा वागतो. उजेड कमी होत गेला की लाल रंग सर्वांत आधी विझतो, काळपट दिसू लागतो. हिरवा आणि निळा अधिक काळ तग धरतात. पुरकिन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने १९ व्या शतकाच्या सुरुवातीलाच हे नोंदवले होते. म्हणजे वर उन्हात, ऑफिसच्या टेबलावर ठळक दिसणारी लाल पाटी खाली ठळक दिसेलच असे नाही. जुन्या तारेच्या बल्बचा उजेड पिवळसर असे, त्यात निळा भाग कमी, म्हणून निळी पाटी त्या दिव्यात काळवंडायची. एलईडी दिवे आल्यावर ते गणित बदलले. शिवाय लाल-हिरव्यात फरक न कळणारे पुरुष कमी नाहीत. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के मानले जाते, बायकांत फारच थोडे. आणि आपल्याकडे १९४६ पासून २०१९ पर्यंत जमिनीखाली काम करायची परवानगी फक्त पुरुषांना होती! लाल म्हणजे इकडे जाऊ नका, हिरवा म्हणजे इकडे या, एवढ्यावरच भिस्त ठेवली तर काही जणांना दोन्ही पाट्या सारख्याच दिसणार.

दुसरी गोष्ट धुराची. आज बहुतेक खुणा चकाकणाऱ्या कागदाच्या किंवा तबकडीच्या असतात, रस्त्यावरच्या मैलाच्या दगडावर असतात तशा. त्या स्वतः उजेड देत नाहीत. टोपीवरच्या दिव्याचा झोत त्यांच्यावर पडतो आणि आल्या वाटेने डोळ्याकडे परततो. स्वच्छ हवेत ही युक्ती उत्तम. धुरात मात्र झोताला धूर दोनदा कापावा लागतो, जाताना एकदा आणि येताना एकदा. त्यात धुराचे कण झोत उधळून लावतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावला की होते तेच. म्हणून दिवा टोपीवरून काढून खाली कमरेजवळ धरायला सांगतात. पण दिवा डोळ्यापासून दूर गेला की चकाकणारी तबकडी नीट चकाकतही नाही. आता भर घाला धुळीची. कोळशाच्या धुळीचा स्फोट पसरू नये म्हणून खाणीत चुनखडीची पांढरी भुकटी मारतात. ती आवश्यकच आहे, पण ती खुणेवरही बसते. खूण पुसणे हे कोणाच्या कामाच्या यादीत असते? मॅनेजरच्या नाही, ओव्हरमनच्याही नाही. पुसण्याझाडण्याची कामे या देशात कोणाकडे जातात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तिसरी गोष्ट, आगीतला कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. तो माणसाला मारण्याआधी त्याची बुद्धी बधिर करतो. नकाशा वाचणे, दोन बाणांतला फरक आठवणे त्या अवस्थेत जमत नाही. म्हणून सुटकेची खूण ही शुद्धीवर असलेल्या, शिकलेल्या, निरोगी डोळ्यांच्या माणसासाठी करून चालत नाही. घाबरलेल्या, गुदमरलेल्या, अक्षर न वाचणाऱ्या माणसाला ती कळली पाहिजे. हा कस लावून इतिहास पाहा.

खुणेच्या आधी वाट असावी लागते. १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये अनेक कोळसा खाणींना वाटच एक होती. एकच विहीर, तिच्यातूनच माणसे उतरायची, कोळसा वर यायचा, पाणी उपसले जायचे, हवा खेळायची. दुसरी विहीर खणायला पैसा लागतो. १६ जानेवारी १८६२ रोजी नॉर्थंबरलंडमधल्या हार्टली खाणीत पंपाच्या इंजिनाची अवजड लोखंडी तुळई मोडून त्या एकुलत्या एका विहिरीत कोसळली आणि विहीर बुजली. २०४ पुरुष आणि पोरे मेली, त्यांतली बहुतेक खाली अडकून विषारी वायूने. बचाव करणारे अनेक दिवस वरून खणत होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटिश संसदेने नव्या खाणींना दोन वाटा सक्तीच्या केल्या. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात हाच धडा पुन्हा गिरवावा लागला: सप्टेंबर १८६९ मध्ये ॲव्हनडेल खाणीला आग लागली, वाट एकच, ११० मेले, आणि पुढच्या वर्षी कायदा झाला. दुसरी वाट हवी हे आधी कोणाला सुचले नव्हते असे नाही. ती खर्चिक होती, आणि खाली असलेल्या माणसांचे मोल त्या खर्चापेक्षा कमी धरले गेले होते.

आपल्याकडे राणीगंजला १७७४ पासून कोळसा निघतो, पण खाणींचा पहिला कायदा आला १९०१ मध्ये. या सव्वाशे वर्षांत खाली कोण होते? बंगालच्या कोळसा क्षेत्रात सुरुवातीचे कामगार प्रामुख्याने बाउरी आणि संथाळ. कोलारच्या सोन्याच्या खाणीत तमिळ दलित. वर साहेब, मधे कंत्राटदार आणि सरदार, खाली अस्पृश्य आणि आदिवासी. खाणीच्या वाटांचे ज्ञानही याच क्रमाने वाटलेले होते. नकाशा साहेबाच्या खोलीत, वाट सरदाराच्या डोक्यात, आणि मजुराने पुढच्या माणसाच्या दिव्यामागे चालायचे. ज्ञानाची मक्तेदारी फक्त वेदशाळेत असते असे समजू नका.

या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांचे मजूरमंत्रिपद पाहिले पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांच्याकडे मजूर खाते होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा क्षेत्रात गेले आणि स्वतः खाणीत उतरले. कामगारांची घरे पाहिली. लगेच पुढच्या महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला: खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर आणि त्यातून कामगारांची घरे, पाणी, दवाखाने, शिक्षण. त्याच काळात युद्धाची निकड म्हणून स्त्रियांना जमिनीखाली पुन्हा कामाला लावण्याचा निर्णय सरकारने घेतला आणि त्यावर जोरदार टीका झाली. बाबासाहेबांनी कायदेमंडळात तो युद्धकाळापुरता असल्याचे सांगितले आणि समान कामाला समान वेतनाची बाजू धरली. फेब्रुवारी १९४६ पासून बंदी परत आली. या निर्णयाची चिकित्सा व्हायला हवी, आणि ती आपणच करावी. पण एक गोष्ट सुटू नये. देशाचा मजूरमंत्री टोपी घालून खाली जाऊन पाहतो, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. संविधानातही खाणीतले श्रम आणि सुरक्षितता हा विषय केंद्राच्या सूचीत ५५ व्या क्रमांकावर आहे. म्हणजे खाणीत माणूस गुदमरला तर दिल्लीला हात झटकता येत नाहीत.

आता मी तुम्हाला दक्षिण आफ्रिकेत नेते, कारण जात आणि वर्ण यांचे नाते जिथे सर्वांत उघडे पडले त्यांतली ही एक जागा आहे. ट्रान्सव्हालमधल्या एव्हँडरजवळ किनरॉस नावाची सोन्याची खाण. १६ सप्टेंबर १९८६ रोजी तिथे वेल्डिंग चालू असताना आग लागली. बोगद्याच्या भिंतींना पॉलियुरेथेनच्या फेसाचे अस्तर होते. ते पेटले आणि त्याचा विषारी धूर हवेच्या प्रवाहाबरोबर बोगद्यांत घुसला. १७७ कामगार मेले, बहुतेक सगळे काळे. ब्रिटनमध्ये मायकेल कोलियरीच्या १९६७ च्या आगीत हाच फेस पेटून ९ जण मेले होते. म्हणजे धोका जगाला १९ वर्षांपासून ठाऊक होता. तरी तो फेस काळ्या कामगारांच्या वाटेच्या भिंतींवर राहिला.

आणि मेल्यानंतर काय झाले? कंपनीने सुरुवातीला दिलेल्या माहितीत गोऱ्या मृतांची नावे होती. काळ्या मृतांची नावे नव्हती, होते फक्त गट: सोथो इतके, शांगान इतके, पोंडो इतके. हे वाचताना मला आपल्याकडच्या जुन्या सरकारी नोंदी आठवतात, ज्यांत आपल्या आजोबा-पणजोबांच्या नावाच्या जागी फक्त जात लिहिलेली असते. ज्याचे नाव मेल्यावरही लिहावेसे वाटत नाही, त्याच्यासाठी जिवंतपणी भिंतीवर बाण कोण लावेल?

तिथले कामगार मात्र गप्प बसले नाहीत. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय खाण कामगार युनियनने १ ऑक्टोबर १९८६ हा शोकाचा दिवस पाळायची हाक दिली आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार कामावर गेले नाहीत. वर्णभेदी राजवटीत, ही गोष्ट लक्षात घ्या. पुढे ती राजवट गेल्यावर लिओन आयोग नेमला गेला, आणि १९९६ च्या खाण आरोग्य व सुरक्षा कायद्यात कामगाराला धोकादायक जागा सोडून जाण्याचा हक्क मिळाला. मला वाटते, सुटकेच्या खुणेचा खरा इतिहास या कलमाशिवाय पुरा होत नाही. बाण दिसला तरी साहेबाची परवानगी येईपर्यंत थांबायचे असेल तर त्या बाणाला अर्थ काय?

अमेरिकेकडे पाहू. तो श्रीमंत देश आहे, तिथे नियमांची पुस्तके जाडजूड आहेत. तरी मे १९७२ मध्ये आयडाहोमधल्या सनशाइन चांदीच्या खाणीत धुराने ९१ जण मेले. अनेकांना जीवरक्षक श्वसनयंत्र कसे वापरायचे हे शिकवलेलेच नव्हते. त्याहून बोलकी घटना १९ जानेवारी २००६ ची. वेस्ट व्हर्जिनियातल्या अराकोमा कोळसा खाणीत पट्ट्याला आग लागली. नियमाप्रमाणे सुटकेची मुख्य वाट भिंतींनी वेगळी ठेवलेली असते, म्हणजे धूर तिच्यात शिरत नाही. इथे ती भिंत मधेच काढून टाकलेली होती. बारा जणांची तुकडी त्या वाटेने निघाली आणि सरळ धुरात शिरली. एकमेकांना धरून चाचपडत त्यांना शेजारच्या बोगद्यात जाणारे दार शोधायचे होते. दहा जण दारातून निसटले. दोघे धुरात मागे राहिले आणि मेले. कंपनीने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला, आणि दंड सगळा मिळून ४२ लाख डॉलर झाला.

त्याच महिन्यात सागो खाणीतही १२ जण मेले होते. त्यानंतर २००६ मध्येच अमेरिकेने नवा कायदा केला, आणि त्यातून खुणेची कल्पनाच बदलली. आता तिथल्या कोळसा खाणींत सुटकेच्या वाटेवर सलग दोरी असते. सहज न जळणारी. दर २५ फुटांवर चकाकणारी खूण आणि जास्तीत जास्त १०० फुटांवर दिशादर्शक. हा दिशादर्शक बहुधा शंकूच्या आकाराचा. त्याचे निमुळते टोक खाणीच्या आतल्या बाजूला. बाहेरच्या दिशेने चालताना मुठीखालून शंकू सहज घसरतो, उलट चाललात तर त्याची सपाट कड हाताला अडते. जिथे प्राणवायूचे यंत्र ठेवले आहे तिथे दोरीवर हाताला वेगळी लागणारी खूण असते. डोळे मिटून, भाषा न येता, शाळेत न जाता वाचता येणारी ही पाटी आहे. रंगाला जिथे धूर हरवतो तिथून हाताचे काम सुरू होते.

ही दोरी म्हणजे काही मोठे तंत्रज्ञान नाही. दोरी आणि शंकू १८६२ मध्येही करता आले असते. मग लागली का नाही? माझे उत्तर असे की नियम लिहिणारा माणूस स्वतःच्या डोळ्यांनी, वरच्या उजेडात, लिहिता-वाचता येणारा माणूस म्हणून विचार करत होता. खालच्या माणसाला विचारायची पद्धतच नव्हती. समाजशास्त्राच्या वर्गात याला फार जड शब्द आहेत. वस्तीत एकच आहे: आपल्याला विचारतो कोण?

भारतात परत येऊ. २७ डिसेंबर १९७५ ची चासनाला दुर्घटना सर्वांना ठाऊक आहे. पाणी घुसून ३७५ कामगार गेले. तिच्यावरून ‘काला पत्थर’ सिनेमा निघाला आणि त्याचा नायक कोण, तर जहाजावरचा माजी कॅप्टन! असो. पुराच्या लोंढ्यापुढे कोणतीच खूण कामाची नाही, तिथे प्रश्न वेगळे आहेत. आपल्या विषयाची दुर्घटना आहे न्यू केंदाची. २५ जानेवारी १९९४, राणीगंज क्षेत्र. खाणीत आग लागली आणि तिच्यातून निघालेल्या विषारी वायूने ५५ कामगार मेले. प्रजासत्ताक दिनाचा आदला दिवस. चासनाला लोकांना आठवते, न्यू केंदा कोणाला आठवत नाही, कारण तिच्यावर सिनेमा नाही.

महाराष्ट्रातही हा विषय दूरचा नाही. चंद्रपूर, वणी, कामठी, सावनेर या पट्ट्यात कोळशाच्या आणि भंडाऱ्यात मँगनीजच्या खाणी आहेत, आणि तिथल्या वस्त्यांत आपली, गोंडांची, छत्तीसगडहून आलेल्या सतनामी भावांची घरे आहेत. कामानिमित्त या भागात फिरताना एका कंत्राटी कामगाराला विचारले की खाली बाहेरच्या वाटेची खूण कोणत्या रंगाची आहे. तो हसला. म्हणाला, “ताई, आम्ही तर पुढच्याच्या मागे मागे जातो.” शंभर वर्षांपूर्वीचा मजूर सरदाराच्या दिव्यामागे चालत होता. नियमाप्रमाणे प्रत्येक कामगाराला आधी प्रशिक्षण मिळाले पाहिजे. कायम कामगाराला ते मिळते, बहुतेक वेळा नीट मिळते. कंत्राटदार बदलला की कंत्राटी कामगाराचे काय होते, हे कोणत्याही वस्तीत जाऊन विचारा.

आणि जिथे नियम पोचतच नाहीत तिथे? मेघालयात पूर्व जैंतिया हिल्समधल्या कसान इथे १३ डिसेंबर २०१८ रोजी उंदराच्या बिळासारख्या खाणीत पाणी शिरले आणि किमान १५ जण अडकले. अशा खाणकामावर हरित लवादाने २०१४ मध्येच बंदी घातलेली होती. बेकायदा खाणीत दुसरी वाट नसते, बाण नसतो, हजेरीपटही नसतो. म्हणून आत नक्की किती होते हेही सांगता येत नाही.

सिलक्यारा बोगदा ही खाण नव्हे, पण तो उल्लेख टाळता येत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने साडेचार किलोमीटरच्या या बोगद्याला मंजुरी दिली, तेव्हा सरकारी पत्रकातच ‘सुटकेच्या मार्गासह’ असे लिहिलेले होते. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी बोगदा खचला, तेव्हा आत असलेल्या ४१ कामगारांना तो मार्ग उपलब्ध नव्हता. १७ दिवसांनी त्यांना बाहेर काढले ते हाताने खणणाऱ्या बारा जणांनी, ज्यांचे कौशल्य बिळाच्या खाणीतले. त्यांत मुस्लिम होते, दलित होते. देशाने त्यांना हार घातले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांतल्याच एकाचे दिल्लीतले घर अतिक्रमण म्हणून पाडले गेले.

मित्रहो, मागण्या काय करायच्या तेही बोलू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा खाणींतल्या सुरक्षिततेविषयीचा १७६ क्रमांकाचा करार १९९५ चा आहे. शक्य तिथे प्रत्येक भूमिगत कामाच्या जागेला बाहेर पडायच्या दोन वाटा, आणि गंभीर धोका दिसला तर जागा सोडून जाण्याचा कामगाराचा हक्क, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. दक्षिण आफ्रिकेने आणि अमेरिकेने त्याला मंजुरी दिलेली आहे. भारताने दिलेली नाही. आपण मात्र १९५२ च्या खाण कायद्यासह १३ कायदे एकत्र करून २०२० मध्ये एक संहिता केली आणि तिला सुधारणा म्हटले. या करारासाठी युनियन निवेदने देतात, आंबेडकरी संघटनांची निवेदने मी तरी फार पाहिलेली नाहीत. ६ डिसेंबरला आणि १ मे रोजी ती देता येतील, संविधानाच्या ३९ व्या आणि ४२ व्या अनुच्छेदांचा आधार घेऊन.

दुसरे काम गावपातळीवरचे. आपले जे भाऊ खाली जातात त्यांनी प्रशिक्षणात एक गोष्ट मागून घ्यावी: वाट उजेडात दाखवून सोडू नका, एकदा दिवा बंद करून, हाताने चाचपडत बाहेरपर्यंत चालवा. कायम आणि कंत्राटी दोघांनाही, एकाच पाळीत. शेवटची खूण कधी पुसली याची तारीख पाटीखाली खडूने लिहा. माहिती अधिकारात विचारा की मागच्या वर्षी असा सराव किती वेळा झाला आणि त्यात कंत्राटी कामगार किती होते. एका अर्जाला दहा रुपये लागतात.